पावसाळ्यात दगा न देणारी फॉग लॅम्पची लाईन: बॉनेटखाली रिले, फ्यूज आणि स्विचसह नवं वायरिंग

आंबोलीत किंवा ताम्हिणीत धुकं उतरावं, फॉग लॅम्पचा स्विच दाबावा आणि एकच दिवा लागावा. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये बल्ब बदलला जातो, महिनाभर बरं चालतं, मग तोच दिवा पुन्हा बंद. बहुतेक वेळा बिघाड बल्बचा नसतोच. काळी टेप सोलून बघा, आत तांब्यावर हिरवा कीट चढलेला असतो. टेपने पाणी अडवलेलं नसतं, आत आलेलं धरून ठेवलेलं असतं.

या कामात लोक चुकतात ते क्रमात आणि पाण्याच्या बाबतीत. आधी बॅटरीला वायर जोडतात, मग दिव्याकडे जातात, फ्यूज जिथे जागा मिळेल तिथे अडकवतात आणि शेवटी सगळ्यावर टेप मारतात. बरोबर क्रम याच्या नेमका उलटा आहे: दिव्याकडून सुरुवात, बॅटरी सगळ्यात शेवटी.

उदाहरण म्हणून ५५ वॉटचे दोन हॅलोजन फॉग लॅम्प घेतो. याच पद्धतीने मोठा हॉर्न किंवा टायरमध्ये हवा भरायच्या पंपाचं सॉकेटही जोडता येतं. फक्त हिशेब बदलेल.

थांबा: गाडी इलेक्ट्रिक किंवा स्ट्राँग हायब्रिड असेल, तर नारिंगी रंगाच्या केबलच्या आसपास हात घालू नका. त्यात जीवघेणा व्होल्टेज असतो. गाडीला सीएनजी किट असेल, तर रेग्युलेटर आणि गॅसच्या नळीपासून नवी वायर दूर ठेवा आणि किटच्या वायरमधून कधीही करंट घेऊ नका.

## १. आधी कागदावर हिशेब

दोन दिवे मिळून ११० वॉट. त्याला १२ ने भागा: सुमारे ९.२ अँपिअर. फ्यूजच्या आकड्याच्या पाऊण भागापेक्षा जास्त करंट सतत वाहू नये, असं मी धरतो. त्या हिशेबाने १० चा फ्यूज कमी पडतो, १५ चा योग्य. ब्लेड फ्यूजमध्ये १५ अँपिअरचा रंग निळा असतो, १० चा लाल, २० चा पिवळा.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरला आग लागू नये म्हणून असतो. म्हणून आधी करंटला पुरेल अशी वायर ठरवायची, मग त्या वायरला झेपेल एवढाच फ्यूज. फ्यूज सारखा उडतो म्हणून १५ च्या जागी ३० चा बसवला, की वायर हाच फ्यूज होतो.

रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीपासून रिलेपर्यंत २.५ चौरस मिमीची वायर घ्या. रिलेपासून प्रत्येक दिव्याला स्वतंत्र १.५ ची. दोन्ही दिव्यांना मिळून एकच १ चौरस मिमीची वायर टाकली, तर ३ मीटर लांबीत सुमारे अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. २.५ च्या वायरमध्ये तेवढ्याच लांबीत ०.२ व्होल्ट जातो. अर्धा व्होल्ट किरकोळ वाटतो, पण हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार भराभर घटतो.

रिलेच्या कॉइलला (आतल्या विजेच्या चुंबकाला) जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर लागतो. त्यामुळे डॅशबोर्डवरच्या स्विचकडे जाणारी वायर ०.७५ ची पुरते. रिले लावायचा तो याचसाठी: मोठा करंट बॉनेटखालीच राहतो आणि केबिनमध्ये फक्त इशारा जातो.

एलईडी दिवे असतील तर त्यांच्यावर लिहिलेल्या वॉटनुसार पुन्हा हिशेब करा. २० वॉटचे दोन दिवे म्हणजे ३.३ अँपिअर, त्यांना ५ किंवा ७.५ चा फ्यूज पुरे. १५ चा लावायचं कारण नाही.

## २. सामान

वायर. गाडीसाठीचीच घ्या, जिचं आवरण किमान १०५ अंश सेल्सिअसचं असेल. घरच्या वायरिंगची साधी पीव्हीसी वायर ७० अंशांसाठी असते. इंजिनाशेजारी ती कडक होते आणि तडकते. स्वस्त तयार किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर सर्रास असते. एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती वायर परत करा.

रिले. १२ व्होल्ट, ३० किंवा ४० अँपिअर, ८७ क्रमांकाच्या, दिव्याकडे करंट नेणाऱ्या दोन पिना असलेला. म्हणजे दोन दिव्यांना दोन वायरी थेट निघतात आणि मधला एक जॉइंट वाचतो. घेताना रिलेवरचं चित्र वाचा. पाच पिनांच्या बऱ्याच रिलेत मधली पिन ८७ नसून ८७ए असते. रिले बंद असताना तिच्यात करंट असतो. दिवा चुकून तिला जोडला तर स्विच बंद केल्यावर तो लागेल आणि रात्रभर जळत राहील.

रिले आणि फ्यूजचे वॉटरप्रूफ होल्डर. रबरी झाकणाचा फ्यूज होल्डर, आणि प्रत्येक वायरला रबरी सील असलेला रिलेचा सॉकेट. सील वायरच्या आवरणाच्या जाडीनुसार मिळतात. बारीक वायरवर मोठा सील म्हणजे सील नसल्यासारखंच. सॉकेटमधल्या रिकाम्या भोकांसाठी प्लग मागून घ्या. दुकानदार ते स्वतःहून देत नाही.

बाकी: तापवल्यावर आवळणारी, आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह (साधी नको), चुण्यांची काळी कंड्युट नळी, रिंग लग (वायरच्या टोकाला लावायची धातूची कडी), केबल टाय, दातेरी वॉशर, डायइलेक्ट्रिक ग्रीस, क्रिंप करायची (लग वायरवर चेपून बसवायची) योग्य पक्कड, मल्टिमीटर, १० नंबरचा पाना. सिलिकॉन लागलंच तर न्यूट्रल प्रकारचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि तांबं खातं.

## ३. जागा ठरवा, पण पाणी ओतून

बॉनेट बंद करून समोरच्या काचेवर एक बादली पाणी ओता. मग बॉनेट उघडा आणि ओले ओघळ कुठून गेलेत ते बघा. वायपरच्या खालच्या जाळीतून पाणी ठरलेल्या वाटांनी उतरतं. त्या वाटांवर काहीही बसवायचं नाही.

रिलेची जागा उंच, आतल्या फेंडरच्या भिंतीला असावी. एक्झॉस्टपासून दूर, रेडिएटरच्या पंख्यापासून दूर आणि बॉनेट बंद झाल्यावर न दबणारी. बॅटरी बाहेर काढायची वेळ आली तर रिले आडवा येणार नाही, हेही बघा. शक्यतो गाडीतला आधीचा बोल्ट वापरा. पत्र्याला नवं भोक पाडलं तर तिथून गंज सुरू होतो.

सगळ्यात महत्त्वाचं: रिले, फ्यूज होल्डर आणि कनेक्टर यांची वायर निघते ती बाजू खाली आली पाहिजे. दिवे आणि इंजिनाच्या उष्णतेने होल्डर गरम होतो आणि आतली हवा फुगून बाहेर पडते. मग डबक्याचं गार पाणी उडालं की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून बाहेरचं ओढून घेते. बाहेर पाणी साचलेलं असेल तर पाणीच आत जातं. तोंड खाली असेल तर ओढायला तिथे पाणी थांबलेलं नसतं.

आता सुतळी घेऊन प्रत्येक वायरची वाट मोजा. दर वाटेला एक वीत जास्त धरा.

## ४. हार्नेस (वायरींचा जुडगा) टेबलावर बनवा

गाडीत वाकून वायर सोलणं, क्रिंप करणं, स्लीव्ह तापवणं हे निम्म्या बिघाडांचं मूळ आहे. टेबलावर, उजेडात, बसून करा.

जोडणी अशी:

- पिन ३०: बॅटरी पॉझिटिव्हकडून, मध्ये फ्यूज, २.५ ची वायर
- दोन्ही ८७: प्रत्येकी एका दिव्याकडे, १.५ ची
- पिन ८६: स्विचकडून येणारी ०.७५ ची
- पिन ८५: अर्थ (गाडीची बॉडी, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू)

रिलेच्या आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला निगेटिव्ह हे उलटं चालत नाही. नसला तरी हाच क्रम ठेवा. पुढे रिले बदलणाऱ्याला विचार करावा लागू नये.

क्रिंप करण्याआधी दोन वस्तू वायरीत ओवलेल्या हव्यात: सॉकेटकडच्या टोकाला रबरी सील, लगकडच्या टोकाला श्रिंक स्लीव्ह. हे विसरलं की लग कापून पुन्हा करावा लागतो. कंटाळा आला की माणूस टेपकडे वळतो, आणि आपण पुन्हा पहिल्या परिच्छेदात येतो.

क्रिंप करताना धातूची पकड उघड्या तारांवर आणि मागचे पंख आवरणावर (सीलवाल्या टर्मिनलमध्ये सीलवर) आले पाहिजेत. साध्या पक्कडीने चेपलेला लग दिसायला बरा दिसतो, पण आत तारा मोकळ्याच राहतात.

"वरून डाक देऊ का?" असं वायरिंगवाला हमखास विचारतो. लगला नको. कथील तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो, आणि जिथे ताठपणा संपतो तिथे इंजिनाच्या थरथरीने वायर तुटते. नीट क्रिंप आणि वर गोंदाची स्लीव्ह एवढं पुरतं. स्लीव्ह तापवताना दोन्ही कडांना गोंदाचा बारीक थेंब बाहेर आला, म्हणजे ती बसली.

गोंदाचा आग्रह का? पाणी वायरच्या आतूनही चालतं. तारांमधल्या बारीक फटींतून ते दिव्यात वात तेल ओढते तसं चढतं. बंपरजवळचा एक उघडा अर्थ लग पुरतो. एका पावसाळ्यानंतर मी स्वतःच्या गाडीचा रिले काढला, तेव्हा त्याच्या पिनांवर कीट होता. सॉकेट कोरडा, सील जागेवर. पाणी आलं होतं ते अर्थच्या वायरमधून, आतल्या आत. तेव्हापासून मी एकही लग स्लीव्हशिवाय सोडत नाही.

तपासा: प्रत्येक लग धरून जोरात ओढा. हाताने निघाला तर बरं झालं, घाटात निघाला असता. मग हार्नेस टेबलावरच बॅटरीला फ्यूजसह जोडून दिवे लावून बघा. ८६ च्या वायरला पॉझिटिव्ह दिल्यावर टक् आवाज येऊन दोन्ही दिवे लागले पाहिजेत, काढल्यावर विझले पाहिजेत.

## ५. गाडीत बसवणं

किल्ली काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवा आणि कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर तिथेच ठिणग्या उडतील. म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तो आधी लिहून ठेवा.

आधी दिवे, मग त्यांचे कनेक्टर, मग मागे येत रिले. वायर कंड्युटमध्ये घालून कंपनीच्या हार्नेसच्या बाजूने न्या आणि साधारण दर वीतभर अंतरावर टाय लावा. कंड्युटच्या सर्वांत खालच्या जागी चीर खालच्या अंगाला ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी निथळेल. कंड्युट टेपने टोकापासून टोकापर्यंत गुंडाळू नका. बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये वायर ताणून बांधू नका, इंजिन हलतं.

कनेक्टरच्या रबरी सीलवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. व्हॅसलीन नको, त्याने काही रबरं फुगतात.

### अर्थ

यात लोक सगळ्यात जास्त कंजूषी करतात. जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो, म्हणून अर्थची वायरही तेवढ्याच जाडीची. हल्ली बऱ्याच गाड्यांचा पुढचा सांगाडा प्लॅस्टिकचा असतो. दिव्याजवळच्या बोल्टला अर्थ जोडण्याआधी तो खरोखर बॉडीला पोचतो का, हे मल्टिमीटरने बघा. कंपनीचा अर्थ बोल्ट सापडला तर उत्तम. नाहीतर रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढा, दातेरी वॉशर घाला, लग आवळा आणि आवळल्यानंतर वरून रंग किंवा ग्रीस लावा.

थांबा: बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटी डबी आणि तिला कनेक्टर दिसला, तर तो करंट मोजणारा सेन्सर आहे. आपला अर्थ त्या टर्मिनलला जोडू नका, बॉडीलाच द्या. नाहीतर गाडीच्या कंप्युटरला आपला लोड दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो.

## ६. केबिनमध्ये वायर नेणं

फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीला, ड्रिल मारू नका. पलीकडे काय आहे ते दिसत नाही. मूळ हार्नेस जिथून आत जातो, तिथल्या मोठ्या रबरी ग्रोमेटला (भोकात बसवलेल्या बुचाला) बऱ्याचदा एखादी रिकामी बोंडी असते. तिचं टोक वायरपेक्षा किंचित बारीक कापा. लोकर विणायच्या प्लॅस्टिकच्या सुईला वायर टेपने बांधून आत ढकला. स्पोक किंवा पेचकस खुपसला तर शेजारच्या हार्नेसला भोक पडू शकतं.

ग्रोमेटच्या बाहेर, इंजिनाच्या बाजूला, वायरला खाली एक झोळ द्या. वायर आधी ग्रोमेटच्या खाली उतरली पाहिजे आणि मग वर चढून आत शिरली पाहिजे. वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं. झोळ नसेल तर ते तुमच्या पायाखालच्या कार्पेटमध्ये जातं आणि कुबट वास येईपर्यंत कळत नाही.

आत आल्यावर वायर डॅशबोर्डखाली वर बांधा. पिवळ्या आवरणातल्या वायरींना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या.

तपासा: क्लच, ब्रेक पूर्ण दाबून बघा. स्टीअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. वायर कुठेही हलता कामा नये.

## ७. स्विच आणि किल्लीवरचा करंट

इशाऱ्याचा करंट केबिनच्या फ्यूज बॉक्समधून घ्या, फ्यूज टॅप लावून. टॅप म्हणजे मूळ फ्यूजच्या जागी बसणारी, दोन फ्यूजची छोटी पट्टी. एअरबॅग, एबीएस, इंजिन कंट्रोल यांच्या फ्यूजला टॅप लावायचा नाही. मागचा वायपर किंवा चार्जिंग सॉकेट यांच्यापैकी एखादा निवडा.

कोणता फ्यूज किल्लीवर चालतो हे बघण्यापुरती बॅटरी पुन्हा जोडावी लागेल. मुख्य फ्यूज अजून बसवलेला नाही आणि लाल वायर बॅटरीला लावलेली नाही, म्हणून भीती नाही. मल्टिमीटरची काळी पिन बॉडीला आणि लाल पिन फ्यूजच्या पाठीवरच्या बारीक उघड्या टोकाला लावा. किल्ली चालू असताना १२ व्होल्ट आणि बंद केल्यावर शून्य यायला हवं. काही फ्यूज किल्ली काढल्यावर काही मिनिटांनीच मरतात, म्हणून लगेच निकाल देऊ नका. चार्जिंग सॉकेटचा करंट स्टार्टर फिरताना क्षणभर जातो. दिव्यांसाठी ते चालतं.

फ्यूज काढल्यावर दोन खाचांपैकी एकीतच करंट असतो. टॅपचा वायर नसलेला पाय त्या जिवंत खाचेत यायला हवा. उलटा बसला तर नव्या लाईनचा करंटही जुन्या फ्यूजमधून जातो. काही टॅपची रचना वेगळी असते, म्हणून पाकिटावरचं चित्र एकदा बघा. टॅपमध्ये आपल्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज घाला.

दिवा असलेल्या रॉकर स्विचला तीन पिना असतात: करंट येण्याची, जाण्याची आणि आतल्या दिव्याच्या अर्थची. अर्थची पिन बहुतेकदा पितळी रंगाची असते. रिलेची वायर तिला जोडली तर रिले चालू होत नाही, आणि अर्थ चुकून 'जाण्याच्या' पिनेला लावला तर स्विच दाबताक्षणी फ्यूज उडतो. फ्यूज उडाला तर मोठा घालू नका, पिना पुन्हा वाचा.

## ८. बॅटरी सगळ्यात शेवटी

निगेटिव्ह पुन्हा सोडवा. लाल वायरचा रिंग लग पॉझिटिव्ह क्लॅम्पच्या बोल्टला लावा. क्लॅम्प आणि बॅटरीचा खांब यांच्यामध्ये वायर कोंबू नका. फ्यूज होल्डर बॅटरीपासून १५–२० सेंटीमीटरच्या आत हवा. फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधल्या तुकड्याला कोणतंच संरक्षण नसतं. तो कुठे घासला तर बॅटरी आपला सगळा जोर तिथे लावते. म्हणून तो छोटा, कंड्युटमध्ये आणि पत्र्याच्या कडेला न टेकणारा.

निगेटिव्ह जोडा. मग, आणि मगच, निळा फ्यूज बसवा.

## ९. चार चाचण्या, याच क्रमाने

व्होल्टेज. इंजिन आणि दिवे चालू. एक पिन बॅटरी पॉझिटिव्हवर, दुसरी दिव्याच्या पॉझिटिव्ह पिनेवर. ०.४ व्होल्टपेक्षा कमी हवं. मग बॅटरी निगेटिव्ह आणि दिव्याची निगेटिव्ह पिन: ०.१ च्या आसपास. अर्थकडे आकडा मोठा आला तर रंग नीट घासलेला नाही. दोन्ही दिव्यांवर वेगवेगळं मोजा.

उष्णता. अर्धा तास दिवे चालू ठेवा. इंजिन बंद करून फ्यूज होल्डर, रिलेचा सॉकेट आणि लग यांना सावकाश हात लावा. रिले कोमट असणं स्वाभाविक आहे. एखादा लग किंवा फ्यूजचा पाय चटका देत असेल तर तिथला क्रिंप खराब आहे.

पाणी. उष्णतेच्या चाचणीनंतर लगेच, सगळं गरम असतानाच करायची. बागेच्या पाइपने बंपर, दिवे आणि जाळीतून पुढच्या भागावर पाच मिनिटं पाणी मारा. प्रेशर जेट नको, आणि सर्व्हिसिंगला गाडी दिलीत तर तिथल्या मुलालाही रिलेवर जेट धरू नको म्हणून सांगा. गाडी थंड होऊ द्या, दोन तासांनी रिले ओढून पिना बघा. कोरड्या कापसाची काडी आत फिरवा. ओली निघाली तर सील काढून पुन्हा बसवा.

झोपलेली गाडी. किल्ली काढून, दारं लावून अर्धा तास थांबा. बॅटरीची निगेटिव्ह सोडवून मल्टिमीटर १० अँपिअरच्या खोबणीत मध्ये जोडा आणि मीटर मध्ये असताना चुकूनही स्टार्टर मारू नका. मीटर जोडताना गाडी काही वेळा पुन्हा जागी होते, तेव्हा आकडा खाली बसेपर्यंत वाट बघा. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवं. आता मीटर काढून निगेटिव्ह परत जोडा आणि किल्लीशिवाय आपला स्विच दाबून बघा. दिवे लागले तर रिले किल्लीशिवायही चालू होतोय आणि तुम्ही चुकीचा फ्यूज निवडलाय. स्विच चुकून चालू राहिला तर दोन दिवे मिळून ९.२ अँपिअर ओढत राहतात. छोट्या पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार तासांच्या आत एवढ्यानेच बसते.

## १०. पहिल्या मोठ्या पावसानंतर

आठवड्याभरात एकदा बॉनेट उघडून टाय आणि लग हलवून बघा. थरथरीने जे सुटायचं ते बहुधा लवकरच सुटतं. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर कंड्युटची टोकं विशेष बघा, ते उघड्या टोकापासून कुरतडायला लागतात.

पुढे हॉर्न किंवा पंप जोडायचा झाला तर याच रिलेवर चढवू नका. त्याला स्वतःचा रिले, स्वतःचा फ्यूज. आणि फ्यूज होल्डरच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: "फॉग लॅम्प, १५ अँपिअर, स्विचचा करंट केबिन फ्यूज क्रमांक अमुक." गाडीत एक जादा निळा फ्यूज ठेवा.